फाटकावरची सही

काल नातीच्या शाळेत चौकीदारानं कार्ड मागितलं, तशी सून कुरकुरली. मी लगेच काढून दाखवलं.

माझी मुलगी सिव्हिल लाइन्सच्या सरकारी शाळेत होती, तेव्हा फाटकावर एक पहारेकरी बाई बसायची. एकदा कोणी परका माणूस, 'मी तिचा काका, आई दवाखान्यात आहे' असं सांगून पोरीला न्यायला आला. रजिस्टरात पालकांची नमुना सही असायची, तशीच बाईनं करून मागितली, तसा तो सटकला. निरोप मिळताच मी मदन महलच्या घरून धावत गेले.

"पहले दस्तखत, बहनजी."

"काहून? आई आहे मी तिची."

"वो भी तो चाचा था."

घाईघाईत केलेली सही रजिस्टरातल्या सहीशी जुळेना. मी बाईला शिव्या घातल्या. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा लिहायला लावलं.

तिसरी सही जुळली. बाई बाजूला सरकली. मागे तिच्याच स्टुलावर पोरगी धडधाकट, बोरं खात बसलेली.