दादाच्या गाडीतला विडीचा वास

दादाने सहलीसाठी जुनी व्हॅन घेतली, तेव्हा मी हसत पेढा खाल्ला आणि आतून जळून खाक झालो. मागे झोपायला फळी, खिडक्यांना पडदे, स्टोव्ह ठेवायला कप्पा. माझ्याकडे होती स्कूटर. पण दर रविवारी त्या स्कूटरवर माझ्यामागे अण्णा, म्हणजे आमचे वडील, बसायचे. त्यांना निफाडला आत्याकडे मीच न्यायचो, त्यांच्या कंबरेसाठी एकेक खड्डा चुकवत. आता तेही दादाकडे जाणार, हे मला पेढा संपायच्या आत कळलं.

मला वाचवलं विडीने. आधीचा मालक गाडीतच विड्या ओढायचा. छत, पडदे, गादी, सगळ्यात तो वास मुरलेला. अण्णांना दमा. ते दारातूनच खोकत मागे फिरले.

"मी आपला स्कूटरवर बरा," म्हणाले.

मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

वहिनीने उपाय काढला. घरात घालतो तसा गाडीत धूप घालायचा. पाटीत निखारे, वर धूप, काचा बंद, तासभर. मी सीट कव्हरच्या दुकानात कामाला होतो, असल्या गाड्या रोज हाताखालून जायच्या. धुराने धूर जात नाही हे मला ठाऊक होतं. तरी कट्ट्यावर बसून गंमत बघितली. संध्याकाळी गाडीला वास येत होता, देवळात बसून कुणी विडी ओढल्यासारखा.

मग दादा फिनेलची बाटली घेऊन निघाला. अण्णा माझ्याकडे वळले.

"तुला येतं ना हे? मग बोलत का नाहीस?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. ते देण्यासारखं नव्हतं.

"बंद गाडीत फिनेल नको," एवढंच म्हणालो आणि बाह्या वर केल्या. पडदे, खोळी धुतल्या, गादी उन्हात टाकली. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळून छत पुसलं. खाली खाण्याचा सोडा पसरला, दुसऱ्या दिवशी झाडून काढला. कोपऱ्यांत वास शोषायला कोळशाने भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि आठवडाभर दारं उघडी. काम मन लावून केलं, याचाच मला जास्त राग येत होता.

रविवारी अण्णांनी आत डोकं घालून लांब श्वास घेतला. खोकला आला नाही.

"झकास केलंस," म्हणाले, आणि दादाशेजारी जाऊन बसले.

मला मागच्या फळीवर जागा होती. मी स्कूटरच काढली. निफाडपर्यंत त्यांच्या मागे होतो. मागची सीट रिकामी होती, तरी मी खड्डे चुकवत होतो.