डाव्या बाजूचं मी सांगते

आमच्या ह्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला आणि गेले तीन महिने टेबल चालवताहेत. हसू नका. डोक्यात रक्ताची गुठळी झाली म्हणून घरी बसावं लागलं, तेव्हा लेकीने कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम घालून दिला. टेबलाला स्टिअरिंग आवळलं, पायाशी क्लच-ब्रेक ठेवले. खुर्चीवर ह्यांनी गाडीतलीच जुनी गादी टाकली. तेवढाच विरंगुळा, लेक म्हणाली. विरंगुळा कसला! सकाळी सातला टायर तपासावेत तसे टेबलाचे पाय ठोकून बघतात आणि नऊशे किलोमीटरची खेप धरतात. जेवायला हाक मारावी तर म्हणतात, "अगं, घाटात कुठे थांबवू?"

मला आधी गंमतच वाटली. मग एकदा त्यांच्याजवळ चहा ठेवला, तर दहा मिनिटांनी विचारतात, "चहा देतेस ना?" कप डाव्या हाताशी होता. उचलून उजवीकडे ठेवला तेव्हा दिसला.

तेव्हापासून मी भाजी निवडायला तिथेच बसू लागले. गाडी समोर छान जायची, पण डावीकडे काही आलं की संपलंच. टोलनाक्याचा खांब, उभा टेम्पो, एकदा तर पेट्रोल पंपात घातली. हे लेकीवर डाफरायचे, "गेमचा डावा आरसा बिघडलाय, नीट कर." त्या बिचारीने दोनदा सगळा गेम काढून परत घातला. आरशाला काय धाड भरली होती!

"डॉक्टरांना सांगा," म्हटलं तर अंगावर आले. तपासणीला गेले, समोरच्या पाटीवरची अक्षरं घडाघडा वाचली, बाकी सगळ्याला "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून मोकळे झाले. गाडी चालवायला हरकत नाही, असा कागद मिळाला. सोमवारी गाडी घेऊन जा, म्हणाले ट्रकचे मालक. माझी झोपच उडाली. रस्त्यावर काय टेबलं असतात?

शनिवारी ह्यांनी हळूच स्टूल ओढलं. "इथे डावीकडे बस. क्लिनर सांगतो तसं सांगत जा."

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं! इतका राग आला, पण बसले. "डावीकडून स्कूटर. थांबा. गेली. आता घ्या." चार तास मी बोलत होते, घसा बसला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. हे लहान मुलासारखे खुश. "बघ, तू सोबत असलीस की झालं. सोमवारी तुझेही कपडे भर."

खोटं कशाला बोलू, मलाही मोह पडला. तीस वर्षं मी खिडकीत वाट बघण्यात घालवली होती. त्यांच्या शेजारी बसून मुलूख बघायचा, हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. रात्रभर बॅगेत काय भरायचं तेच डोक्यात, आणि मध्येच तो टोलनाक्याचा खांब आठवे.

रविवारी पुन्हा बसलो. दुपारी गाडी शहरात शिरली. डावीकडून मोटारसायकल आली, मागे बाई बसलेली. मला स्पष्ट दिसली. तोंड उघडलं, आणि मी ओठ दातांखाली घट्ट धरले.

धाडकन आवाज झाला. पडदा थरथरला.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"मला शिंक आली असती तर? डुलकी लागली असती तर?"

"गेम आहे तो!" हे ओरडले.

"आज आहे," मी म्हणाले. "उद्या त्या बाईच्या घरी कोण सांगायला जाणार, तुम्ही की मी?"

गेमचं इंजिन घरघरत होतं, ते त्यांनी बंद केलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि मालकांना लावला.

"उद्याची खेप दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला डावीकडचं दिसत नाही."

तीन महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं. फोन ठेवला आणि रडू लागले. मग मला शोधायला हात पुढे केला. मी अगदी लागून, डाव्या बाजूला बसले होते, आणि त्यांचा हात उजवीकडे चाचपडत होता.