कडी बाहेरून होती

आमच्या लेकीला लहानपणी घरात सगळे वकिलीणबाई म्हणायचे. दूध संपव म्हटलं की ती विचारायची, का? कारण सांगितलं तर ते तिला पुरेसं वाटत नसे. तिचे वडील हसायचे, मला मात्र तेव्हापासूनच धाकधूक. ही पोर पुढे कुणाकुणाशी वाकडं घेणार, असं वाटायचं. पुढे ती वकील झालीच नाही, सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पुस्तकं कुणाशी भांडत नाहीत आणि तिथे बोलायलाही बंदी. याहून सुरक्षित जागा पोरीसाठी कुठली असणार?

वाचनालय आहे जुन्या लॉन्ड्रीच्या इमारतीत. एके काळी इथे इस्पितळाच्या चादरी वाफेवर धुतल्या जायच्या. खिडक्या छताला टेकलेल्या, आणि जमीन एका कोपऱ्याकडे उतरती, पाणी वाहून जावं म्हणून. पुस्तकांची ढकलगाडी अजूनही आपली आपण त्या कोपऱ्याकडे निघते, तिच्या चाकाखाली लाकडाचा तुकडा घालून ठेवावा लागतो. मळलेल्या चादरी ज्या लहानशा खिडकीतून आत टाकत, तिच्यातून आता लोक वाचून झालेली पुस्तकं टाकतात. लॉन्ड्री बंद पडल्यावर मालकांनी इमारत वाचनालयाला दिली. मालकांची तसबीर दारातच आहे आणि त्यांचे चिरंजीव वाचनालयाचे अध्यक्ष आहेत.

नोकरीत रुळल्यावर लेकीच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आपल्या वस्तीची गोष्ट कुठल्याच कपाटात नाही, म्हणाली. मग मागच्या खोलीत तिने एक खुर्ची मांडली, एक रेकॉर्डर ठेवला आणि ज्याला त्याला बोलवायला सुरुवात केली. पोस्टमनने कुठल्या गल्लीत कुठलं कुत्रं किती पिढ्या चावतंय ते सांगितलं. शिंप्याने कुणाचा लग्नातला कोट दर दोन वर्षांनी सैल करायला येतो ते नाव न घेता सांगितलं, आणि सगळ्या वस्तीने नाव ओळखलं. तिची पद्धत ठरलेली होती. सांगून झालं की सांगणाऱ्याने स्वतः बसून सगळं ऐकायचं. नको असेल ते त्याने काढायला लावायचं. मगच ते मोठ्या दालनातल्या भिंतीवरच्या ऐकायच्या यंत्रावर चढायचं, कानाला लावून कुणीही ऐकावं. आणि एकदा चढलं की ते उतरवण्याचा हक्क फक्त सांगणाऱ्याचा.

मला ते छान वाटलं, खोटं कशाला बोलू. इस्त्रीवाली मावशी येईपर्यंत.

मावशी आमच्या कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करते. तिचा उजवा तळवा सुरकुतल्या कागदासारखा आहे. आम्हाला वाटायचं, धंद्यातलाच भाजल्याचा डाग. ती वाचनालयाच्या फुटपाथवरूनही कधी चालत नसे, रस्ता ओलांडून पलीकडून जायची. त्या दिवशी डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन ती सरळ आत आली आणि लेकीला म्हणाली, "माझंही लिहून घे."

आमच्या शहरात एक बोलणं फार जुनं आहे. कुणी आळस केला, वेळेवर उठलं नाही की म्हणायचं, लॉन्ड्रीतल्या बाईसारखी झोपलीस का? त्यामागची हकिकत सगळ्यांना ठाऊक होती. दुपारच्या पाळीच्या बायका आतून कडी लावून झोपल्या, तेवढ्यात बॉयलर फुटला, आणि गाढ झोपेमुळे काहीजणींना बाहेर पडता आलं नाही. तेव्हा मालकांनी असंच सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मावशीने वेगळंच सांगितलं. ती तेव्हा लहान मुलगी होती, थोरल्या बहिणीबरोबर चादरी पिळायला जायची. दुपारी कुणी उठून घरी जाऊ नये म्हणून दाराची कडी रोज बाहेरून लागायची. बॉयलर फुटला तेव्हा सगळ्या जाग्या होत्या, दार बडवत होत्या. मावशी सगळ्यांत लहानखुरी, म्हणून बहिणीने तिला उचलून चादरींच्या खिडकीतून बाहेर ढकललं आणि म्हणाली, पळ, कडी काढ. ती इमारतीला वळसा घालून पळाली. लोखंडी कडी तापली होती. तिने ती काढली. बऱ्याच जणी बाहेर आल्या. बहीण आली नाही.

"माझी ताई झोपली नव्हती," एवढंच ती शेवटी म्हणाली. आपलं सांगणं तिने कानाला लावून पूर्ण ऐकलं. काय काढू, असं लेकीने विचारलं, तर काही नाही म्हणाली आणि गाठोडं उचलून निघून गेली.

यंत्रासमोर रांग लागायला लागली. लोक ऐकायचे आणि कान मोकळे झाल्यावर तसेच बसून राहायचे. मग वाचनालयाच्या समितीची बैठक झाली. या हकिकतीला पुरावा नाही, ती उतरवा, असं ठरलं. लेकीने सांगितलं की उतरवायचा हक्क मावशीचा आहे, आपण तिलाच विचारू. विचारलं कुणीच नाही. शिपायाने सगळ्यांच्या देखत यंत्राचे स्क्रू काढले आणि ते कपाटात गेलं. वाचनालय शांतपणे वाचण्यासाठी आहे, याचीही तिला आठवण करून दिली. तिची नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट नवं करायची वेळ आलेली. हे अध्यक्षांनी तिला बोलून दाखवलं नाही, पण मला भाजीबाजारात गाठून बोलून दाखवलं.

मी घरी येऊन तिच्या पाया पडायचीच बाकी होते. तुला काय करायचंय, म्हटलं. जी गेली ती काही परत येणार नाही. भाडं आहे, औषधं आहेत, वडील आता नाहीत. ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "आई, मावशी या शहरात रोज ते बोलणं ऐकते. रोज. मी एक कंत्राट नाही का सोसू शकत?"

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. माझी झोप मात्र उडाली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयाची नियमांची पाटी वाचत उभी राहिली. वर्षानुवर्षं दारामागे टांगलेली, थोरल्या मालकांच्या सहीची. सर्व दालनांत शांतता पाळावी. बालविभाग वगळून, तिथे गोष्टी मोठ्याने सांगायला मुभा आहे. पण तिथे मोठ्या माणसाला बरोबर मूल असल्याशिवाय प्रवेश नाही.

पुढच्या शनिवारी मावशी आपल्या नातवाचा हात धरून बालविभागात गेली आणि ढोपरं हनुवटीला लावून एका बुटक्या लाल खुर्चीवर बसली. बरोबर चादरींच्या त्या खिडकीखाली. तिने सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर वस्तीत पोरांना जो भाव आला, तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. एरवी ज्यांना कुणी दारात उभं करत नसे, त्या कार्ट्यांना शनिवारी सकाळपासून मागण्या. शिंप्याला नातवंडं नाहीत, तो शेजारणीचं रांगतं बाळ मागून घेऊन आला आणि ते त्याच्या मिशा ओढत बसलं. पोस्टमन पुतण्याच्या मुलाला गोळ्यांची लाच देऊन आणायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तर वाटेतच एकाला पकडलं, त्याची आई मागून ओरडत आली आणि तीही आत बसली. मी खालच्या मजल्यावरच्या जुळ्या मुली मागून घेतल्या. लेकीवर लक्ष ठेवायला जातेय, असं स्वतःला सांगत गेले. बुटक्या खुर्चीत बसले ती उठताना खुर्चीसकट उठले. लेक तोंड फिरवून हसली.

अध्यक्ष आले ते तिसऱ्या खेपेला, आणि एकटे. लेक दारात उभी होती. ती अदबीने म्हणाली, "साहेब, बरोबर मूल नसेल तर इथे येता येत नाही. वडिलांचाच नियम आहे." आत कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. ते दारातूनच परत गेले.

पुढच्या शनिवारी ते नातीला घेऊन आले. दोन वेण्या, बाहेर आलेले पुढचे दात, डोळे सगळीकडे. लेकीने त्यांना खुर्ची दिली, तीही बुटकी लाल. साहेब बसले. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि एक शब्द न वगळता सगळं सांगितलं. तळवा पुढे धरला तेव्हा पोरं नेहमीसारखी तो बोटाने चाचपून पाहायला जवळ गेली. नातही गेली. ती परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आजोबा, कडी कुणी लावली होती?"

ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, चल घरी.

"सांगा ना साहेब," मावशी म्हणाली. "पोरीने विचारलंय."

ते खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा मी शाळेत होतो."

"मीही शाळेतच असायला हवी होते," मावशी म्हणाली.

ते नातीचा हात धरून निघाले. दाराबाहेर जाईपर्यंत नात तोच प्रश्न विचारत होती, आणि मला वाटतं, घरीही ती विचारत असणार. तीही आमच्या वकिलीणबाईंच्याच जातकुळीतली दिसली.

लेकीचं कंत्राट नवं झालं नाही. आज दुपारी शिपाई निरोप घेऊन आला. झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी माफीच्या लिहून दिल्या तर साहेब पुन्हा विचार करतील. लेक घरात नव्हती. एरवी मी तिच्या वतीने त्या ओळी लिहूनही दिल्या असत्या, तिचं अक्षर मला चांगलं जमतं. मी शिपायाला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "साहेबांना सांग, आईने नाही म्हटलं. आणि ते यंत्र कपाटात गंजतंय, त्याला तेल घाल." तो चहा संपवून उठला आणि जाता जाता हळूच विचारून गेला, शनिवारी माझ्या पोरीला आणू का?

आता लेक आत झोपली आहे आणि मी जागी आहे. भाड्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. काळजी गेली आहे असंही नाही, ती माझी कधी जायची नाही. पण संध्याकाळी जुळ्यांना घेऊन मी वाण्याकडे गेले होते. वाण्याने गल्ल्यावर पेंगणाऱ्या बायकोला हाक मारली, काय गं, लॉन्ड्रीतल्या बाईसारखी झोपलीस का? दोघी जुळ्या एकदम त्याच्याकडे वळल्या.

"त्या झोपल्या नव्हत्या," एक म्हणाली.

"कडी बाहेरून होती," दुसरी म्हणाली.

वाणी माझ्याकडे पाहायला लागला, पोरींना जरा आवरा अशा नजरेने. मी साखर मागितली आणि पोरींना आवरलं नाही. शनिवारी लेक येणारच आहे, नोकरी असो वा नसो. एका जुळीचा हात तिच्या हातात, दुसरीचा माझ्या.