हातोहाती गेलेलं कार्ड

आमच्याकडच्या एसटीत गर्दी झाली की कंडक्टर मागे येत नाही, पासच पुढे जातो. हातोहाती. आणि वाटेतला प्रत्येक जण तो वाचतो! माझ्या मोफत प्रवासाच्या जुन्या पासवर फोटोखाली ठळक छापलं होतं: सिकलसेल. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. कुणाला लागत नाही की चिकटत नाही, पण सांगणार कुणाकुणाला? उधव्याच्या बसमध्ये एकदा तो पास फिरला आणि तलासरीच्या ज्या मेसमध्ये मी स्वयंपाक करायचे, तिथे माझ्या भाकरीला कुणी हात लावेना. काम गेलं. असला संताप आला होता म्हणून सांगू!

मग बोर्डीला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. तपासणीला डहाणूला जायचे, ती तिकीट काढून. मोफत प्रवास गेला खड्ड्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा चिपवाली नवी कार्डं आली. आगारातल्या बाबूला मी म्हटलं, "मशीन काय काय बोलतं ते आधी दाखवा." त्याने वैतागून कार्ड टेकवलं. पडद्यावर एवढंच: सवलत आहे.

"आणि आजार?"

"तो कार्डाच्या आतच राहतो, ताई. मशीन विचारतं, या बाईला सवलत आहे का? कार्ड हो म्हणतं. बस्स."

मी पुन्हा टेकवायला लावलं. दुधाने तोंड पोळलेलं माझं, ताक फुंकणारच.

पुढच्याच खेपेला बस खच्चून भरलेली, आणि पुढच्या सीटवर आमच्या वसतिगृहाची मुख्य स्वयंपाकीण, मावशी. स्वयंपाकघरात कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, सगळं तिच्या हातात. माझं कार्ड पुढे निघालं आणि नेमकं तिच्याकडे पोचलं. तिने ते उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. नुसता माझा फोटो!

"काय ओ, हिला कसली सवलत?" कंडक्टरने कार्ड मशीनला टेकवून पैसे न घेताच तिकीट दिलं, तेव्हा तिने थेट त्यालाच विचारलं.

"मशीन हो म्हणतंय, मावशी. कशाची ते मला पण नाही सांगत."

बसमध्ये हशा पिकला. मला तर उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. जिंकले होते मी!

डहाणूला उतरल्यावर मावशीने गाठलंच. "खरं सांग, कसली गं?"

"सांगेन. मला वाटेल तेव्हा."

ती पदर खोचत म्हणाली, "नको सांगू, जा. उद्या लवकर ये मात्र, भाकऱ्या तूच थाप. तू नसलीस की पोरी अर्ध्या उपाशी उठतात."