तात्या म्हशीला काय सांगायचे

श्रावण अर्धा झाला होता. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणीतरी भिंतीवर आलेख दाखवत होतं आणि माझा मोबाइल टेबलावर थरथरत होता. वारज्याच्या सुनंदावहिनीचा फोन. वहिनी माझ्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून उठून बाहेर आले. "ताई, तात्या गेलं," ती म्हणाली. "धार काढून आलं, बादली ठिवली, ओट्यावर टेकलं, आन... गेलं." अशा वेळी माणूस काय बोलतो? मी वेड्यासारखं विचारलं, "धार पुरी काढली होती का?" आणि वहिनी रडता रडता म्हणाली, "व्हय. बादली भरल्याली हाय."

तात्या माझे कुणी नव्हते. मी अमरावतीची. सॉफ्टवेअर कंपनीत पहिली नोकरी लागली, कंपनीची बस हायवेवरून जायची, म्हणून वारज्यात खोली शोधली, ती तात्यांच्या घराच्या माडीवर मिळाली. त्यांची बहुतेक जमीन तोवर बिल्डरकडे गेली होती. आलेल्या पैशांतून मुलानं, बाळूदादानं, जेसीबी घेतला होता आणि तो आता स्वतःच्याच बापजाद्यांची शेतं उकरायच्या कामावर जायचा. घरामागे गोठा तेवढा राहिला होता आणि गोठ्यात एकच म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली चंद्री. पहिल्या सकाळी मी खिडकी उघडली तर खाली विटकरी लुगड्यात, डोक्यावरून पदर घेऊन एक बाई धार काढत बसलेली. बाईनं मान वर केली. ह्या भल्या थोरल्या पांढऱ्या मिशा! अरे बाप्पा, मी खिडकी जी लावली ती ऑफिसला निघेपर्यंत उघडली नाही.

संध्याकाळी सुनंदावहिनीनं, बाळूदादाच्या बायकोनं, उलगडा केला. लुगडं काकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं. काकू आदल्या वर्षी गेल्या. चंद्रीची धार कायम त्याच काढायच्या, त्यात चंद्रीचं रेडकू जगलं नव्हतं, त्यामुळे ती आधीच बिथरलेली. काकू गेल्यावर तिनं कुणालाच कासेला हात लावू दिला नाही. लाथा झाडायची, दूध आत चोरून धरायची. शेवटी तात्यांनी खुंटीवरचं काकूंचं न धुतलेलं लुगडं धोतरावरूनच गुंडाळलं आणि जाऊन बसले. जनावर वासावर चालतं. चंद्रीनं पान्हा सोडला. गावाकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही, पण समोर तोवर सात मजली सोसायटी उभी राहिली होती आणि गॅलऱ्यांमध्ये चहाचे कप घेऊन लोक उभे राहायचे. बाळूदादाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "म्हस इकून टाकू, पिशवीचं दूध घेऊ," असं तो दर आठवड्याला म्हणायचा. तात्या ऐकून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा पदर डोक्यावर.

आमची दोस्ती जमली ती टीव्हीमुळे. केबल नवी होती, बाळूदादानं मोठा रंगीत टीव्ही आणला होता आणि तात्यांना त्यात एकच चॅनल प्यारं, प्राण्यांचं. पण ते इंग्रजीत. मी बसमधून उतरून फाटकाशी आले की हाक यायची, "अगं ए वऱ्हाडी, ये लवकर, हा बाबा काय म्हनतोय सांग." पायातल्या चपलाही न काढता मी उंबऱ्यात उभी राहून सांगायची आणि तात्या प्रत्येक गोष्टीवर आपला शेरा मारायचे. जिराफाच्या एवढ्या लांब मानेत हाडं आपल्याइतकीच, सात. "सातच? मग आमच्या बाळूची मान येवढी ताठ कशी?" ऑक्टोपसला तीन हृदयं. तात्यांनी तीन बोटं मोजली. मग म्हणाले, "तीन काळजं... मंग दुखत किती आसंल गं." मांजराला गोड चव कळतच नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी घरातल्या बोक्यापुढे गुळाचा खडा ठेवून बसले आणि बोका शेपूट उडवत निघून गेला, तेव्हा मला माडीवरून खाली बोलावून म्हणाले, "टीव्ही खरं बोलतोय."

एकदा मी सांगितलं की माणसाच्या अंगठ्यासारखा गायीम्हशींच्या नाकाचा ठसा वेगळा असतो, एकीचा दुसरीला जुळत नाही. झालं. बिल्डरच्या कागदांवर अंगठे उठवायला आणलेलं शाईचं पॅड घरात होतंच. तात्यांनी चंद्रीच्या नाकपुडीवर शाई फासली आणि बिल्डरच्याच गुळगुळीत रंगीत जाहिरातपत्रकावर, पोहण्याच्या तलावाच्या चित्रावर, तिचं नाक दाबलं. ते पत्रक भिंतीला चिकटवलं. गोठ्याची जागाही मागायला बिल्डरचा माणूस आला, तेव्हा त्याला भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मालकिनीची सही ही अशी हाय. जुळवून घेऊन या, मंग बोलू." समोरच्या सोसायटीत नारायण पेठेतून राहायला आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा फाटकाशी येऊन अतिशय सभ्यपणे सुनावलं, "अहो, आपल्या म्हशीला सांगा, दुपारी एक ते चार आम्ही झोपतो." तात्या तितक्याच सभ्यपणे म्हणाले, "सांगतो की. पर तिचं म्हननं आसं, की ती तुमच्या आधीपासून हितं ऱ्हाती."

सकाळी तपेली घेऊन दूध आणायला मी गोठ्याशी जायची. आतून पुटपुटल्यासारखा आवाज यायचा. एके दिवशी नीट ऐकलं तर तात्या बोलत होते, "ऐकलंस का, बर्फातला एक पक्षी हाय. बाई अंडं घालती आन समुद्रावर जाती. बाप्या ते अंडं पायावर घेऊन हुबा ऱ्हातो, खात न्हाय, पीत न्हाय, थंडी सरंपर्यंत..." मी आदल्या संध्याकाळी सांगितलेलं पेंग्विनचं सगळं चंद्रीला चाललं होतं! मी फिस्सकन हसले. "तात्या, म्हशीची शिकवणी घेताय का?" ते ओशाळले. "बोललं की पान्हा सोडती," म्हणाले. वहिनीनं नंतर सांगितलं, काकू धार काढायच्या तेव्हा तात्या शेजारी पोत्यावर बसून गावातलं सगळं त्यांना सांगायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची विहीर आटली. दिवसभरात नवराबायको तेवढंच बोलायची. आता गावात सांगण्याजोगं काही उरलं नव्हतं, म्हणून प्राण्यांचं.

हत्ती दाखवले तो दिवस मला विसरता येत नाही. कळप चालता चालता थांबला. वाटेत त्यांच्यातल्याच कुणाची तरी वाळलेली हाडं पडली होती. एकेक हत्ती पुढे येऊन सोंडेनं ती हळूच चाचपत होता, उलटवत होता. माझं भाषांतर आपोआप थांबलं. तात्यांनीही "काय म्हनतोय" असं विचारलं नाही. कार्यक्रम संपल्यावर नुसतं म्हणाले, "जनावर माणसाला किती वर्षं इसरत न्हाय, ते कधी सांगितलं तर ध्यान दे हां." मी हो म्हटलं. ते कधी कुणी सांगितलं नाही.

मग त्या वर्षीची घटस्थापना आली. घरोघरी होतं तसं गोधड्या, चादरी, पडदे, सगळं धुवायला निघालं, आणि त्या ढिगात वहिनीनं खुंटीवरचं लुगडंही टाकलं. पावडरमध्ये भिजवलं, खळखळून धुतलं, दोरीवर घातलं आणि मग तिच्या लक्षात आलं. बाई पांढरीफटक पडली. तात्या आले, ओलं लुगडं दोन्ही हातांत धरून त्यांनी नाकाशी नेलं. "साबनाचा वास येतोय," म्हणाले. आणि ते परत दोरीवर घातलं. तशी ओरडली असती, भांडली असती माणसं, तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी धार काढायची वेळ झाली. चंद्री आता लाथा झाडणार म्हणून आम्ही सगळे गोठ्याबाहेर उभे. तात्या नुसत्या धोतरावर आत गेले... आणि थोड्या वेळानं बादलीत धारांचा आवाज सुरू झाला, रोजच्यासारखाच. ते बादली घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशा भिजलेल्या होत्या. "तिला ठावं होतं गं," मला म्हणाले. "ही न्हाय, मी हाय, ते तिला कवाच ठावं झालं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते, तर तात्या वाळलेलं लुगडं गुंडाळून गोठ्याकडे चाललेले. मी खाली धावले. म्हटलं, "आता कशाला तात्या? ती तर तशीच देते." ते थांबले. पदर नीट केला. "म्हशीला लागत न्हाय," म्हणाले. "मला लागतंय." त्या दिवसापासून बाळूदादानं म्हैस विकायचं नाव काढलं नाही, आणि गॅलऱ्यांकडे बघणंही सोडलं.

पुढे माझं लग्न झालं, मी बाणेरला राहायला गेले. पण रविवारी संध्याकाळचा फोन चुकला नाही. "काय दावलं ह्या आठवड्यात?" एवढंच ते विचारायचे. तोवर चॅनलवाल्यांनी हिंदी आवाज सुरू केला होता, तात्यांना सगळं कळत होतं. तरी विचारायचे, आणि मलाही वाटायचं, विचारावं. मावशी, काका, कुणाशी मी इतकं नेमानं बोलले नसेन.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा पुन्हा फोन आला. चंद्रीनं काल रात्रीपासून थेंब दिला नव्हता. कास दगडासारखी झाली होती, सड सुजायला लागले होते. शेजारच्यानं पान्हा सोडवायचं इंजेक्शन आणून दिलं होतं, पण तात्यांना त्या इंजेक्शनाचा भयंकर तिटकारा, म्हणून बाळूदादानं हात लावला नव्हता. "ह्यांनी लुगडं गुंडाळून बघितलं ताई," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "पर ती ऐकंना. तात्या काय सांगायचं वो तिला? आमी कधी कान देऊन ऐकलंच न्हाय."

मी गेले. गोठ्यात बाळूदादा बसला होता. जेसीबी चालवणारा तो आडदांड माणूस, विटकरी लुगड्यात, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं होती, त्यानं पाहिलंही नाही. "मी काय सांगू हिला?" मला म्हणाला. "डिझेलचा भाव?" मी शेजारच्या पोत्यावर बसले. तात्यांचीच जागा ती. कुठून सुरुवात करावी कळेना. मग तोंडातून निघालं, "ऐकलंस का..." चंद्रीनं कान फिरवला. मी बोलू लागले. जिराफाची सात हाडं सांगितली, बोक्याचा गूळ सांगितला, पक्ष्याच्या पायावरचं अंडं सांगितलं. ऑक्टोपसला तीन काळजं असतात, मग दुखत किती असेल, असं म्हणाले आणि मला पुढे बोलवेना. तेवढ्यात बादलीत पहिली धार वाजली. लुगड्याचा वास, की ते शब्द, की नुसतीच भरून आलेली कास, मला नाही माहीत. टीव्हीवाल्यांना विचारलं तर ते काहीतरी शास्त्रीय सांगतील. बाळूदादानं मान वळवली नाही, धार थांबवली नाही. नुसतं म्हणाला, "ताई, थांबू नका. पुढं सांगा." मी हत्तींचं सांगितलं.

परवा वारज्याला गेले होते. घटस्थापना तोंडावर आली आहे, वहिनीनं सगळं घर धुवायला काढलंय. अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांवर गोधड्या, पडदे, टॉवेल, टीव्हीवरचं झाकणसुद्धा. मी गोठ्यात डोकावले. भिंतीवर चंद्रीच्या नाकाचा ठसा आणि खुंटीवर ते विटकरी लुगडं, मळकं, पदराला शेण लागलेलं. वहिनी मागून आली. "त्ये न्हाय धुवायचं," म्हणाली. "त्याला तात्यांचा वास हाय."