काकवीचा पांढरा कॅन

नाथाजीदादांसारखा गुळव्या कराडच्या आसपास दुसरा न्हवता. मी सोपान, गुऱ्हाळावर त्यांच्या चुलवाणाला जाळ घालायचो, म्हणून छातीठोक सांगतो. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांत वळायचे आन ओरडायचे, "उतरा काहील!" कवा चुकले न्हाईत. तोंडाचे लय फटकळ, पण लेकीचं नाव निघालं की गडी विरघळायचा.

लेक विजयमाला, औंधला दिलेली. पहिल्या काहिलीची काकवी, गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक, तिलाच, असा त्यांचा नेम. चौऱ्याहत्तर साली, लग्नाला आठ वर्सं झाल्यावर, पोरीला दिवस गेले. सातवा महिना लागला. येता-जाता टोचणारी सासू कुठं जरा गप झालेली.

आदल्या साली एस.टी.त मडकं फुटलं, काकवी सगळी वाया गेली. म्हणून मीच मळ्यातनं पांढरा प्लास्टिकचा कॅन आणला. फवारणीच्या औषधाचा. तवा असल्या कॅनची घरोघरी लय हौस!

दादांनी वास घेतला. "चालंल का रं ह्यो?"

"आवं दादा, राखेनं घासू की!"

तीनदा घासला, दोन दिवस उन्हात ठेवला. वास गेला. मग दादांनी काकवी रटरटती तशीच ओतली. गरम भरली की टिकते, ही आमची रीत. आन कॅन औंधला पोचता केला.

आठवड्यानं सांगावा आला. पोरीला उलट्या, झटके. मूल पोटातच गेलेलं. आमी दोघं धावलो. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं? आमी तिच्या घरातनं कॅन नेऊन दाखवला.

"औषध प्लास्टिकात मुरतं," तो म्हणाला. "घासून निघत नाही. तुम्ही गरम पाक ओतलात, ते त्यात उतरलं."

दादांनी कॅन पुन्हा नाकाशी धरला.

पोरीला दवाखान्यातनं सासरी आणलं, तर सासू ओसरीवर गरजत होती. "हिची कूसच वाईट! घेऊन जावा तुमची लेक." विजयमाला भिंतीला टेकलेली. "आबा, माझं काय चुकलं वं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.

कॅनचं आमा दोघांशिवाय तिथं कुणालाच ठावं न्हवतं. पण गप बसलं तर पोरीचा संसार मोडत होता. दादा उभे राहिले.

"तिचं काय बी चुकलं न्हाई. मी इख घातलं तिला. ह्या हातांनी."

माझं नाव त्यांनी घेतलं न्हाई. आन मी मेला, खाली मान घालून उभा.

पोरीला सासरच्यांनी ठेवून घेतलं. दोन वर्सांनी तिला मुलगा झाला. बारशाला दादा मला घेऊन गेले, कुंची-टोपडं घेऊन. पाळण्याकडं वाकले तशी विजयमाला आडवी आली.

"आबा, लेकराला हात लावू नका."

दादांनी हात मागं घेतला. मी शेजारीच होतो. तवा तरी तोंड उघडायचं की न्हाई? न्हाई उघडलं.