कल्हई उडालेलं भांडं

डॉ. अश्वजित थूलच्या नावावर नऊ शोधलेख होते, आणि त्यांतल्या आठांना कुणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं. नववा मात्र चालला. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने आपल्या लेखात त्याचा हवाला दिला की संगणकावर त्यापुढचा आकडा एकाने वाढे. अकरा वर्षांत तो एकसष्टावर आला होता. बड्या शास्त्रज्ञांना एवढे हवाले एका पावसाळ्यात मिळत असतील. पण वर्ध्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, मागच्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्याला ती एकसष्ट माणसं वाटत. रोज सकाळी चहाआधी तो त्यांना भेटून येई.

घरी बोलायला दुसरं होतं कोण? लग्नाचा विषय पुढे ढकलता ढकलता पन्नाशी उलटली होती. सहकाऱ्यांसमोर आयन चॅनलचं नाव काढलं की त्यांना अचानक काम आठवे. गोष्ट तशी सोपी होती. मज्जापेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण ये-जा करतात, आणि त्यावर आपलं दुखणं-खुपणं, हलणं-बोलणं चालतं. लाल विंचवाच्या विषातला एक अंश यांतलं एक दार बंद करतो, असं अश्वजितने गोगलगाईच्या पेशींवर तीन वर्षं मोजून लिहिलं होतं. विंचूच का, तर तो सात वर्षांचा असताना गावी, गिरडला, दगड उचलताना आईला विंचू चावला होता. ती दोन दिवस तळमळली, ते त्याच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

गेल्या वर्षी विभागात शुद्ध पाण्याचं नवं स्टीलचं यंत्र आलं. ते बसलं त्याच आठवड्यात रविवारी तो आईकडे गिरडला गेला. तानाबाईंनी ऐंशी ओलांडली होती. लेक काय करतो ते त्यांना फारसं कळत नसे, पण जेवताना तो बोले आणि त्या ऐकत. साऱ्या जिल्ह्यात त्याचं ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं. जुनं यंत्र तांब्याचं होतं, वीस वर्षं त्याचंच पाणी वापरलं, असं तो सांगत होता.

"त्याले कल्हई कवा केलती?" आईने विचारलं.

"त्याले कोण कल्हई करते, आई? होती ते कवाचीच उडाली."

"मंग कळकलं नाई का पानी? आपुन ताक ठेवतो का बिनकल्हईच्या गंजात?"

त्याला त्या नवव्या लेखाचे प्रयोग आठवले. बिनविषाचं मोजमाप त्याने नागपूरहून आणलेल्या बाटलीच्या पाण्यावर केलं होतं. बाटल्या संपल्यावर विष मात्र विभागातल्या त्या तांब्याच्या यंत्राच्याच पाण्यात कालवलं. पाणी ते पाणी, असं तेव्हा वाटलं होतं.

सोमवारी त्याने अडगळीतून जुनं भांडं काढलं, त्यात पाणी तयार केलं आणि विषाचा थेंबही न घालता ते पेशीवर सोडलं. दार बंद झालं. चारदा केलं, चारदा बंद झालं. मग नव्या यंत्राच्या पाण्यात विष कालवलं, तर दार सताड उघडं. एकसष्ट माणसांना त्याने तांब्याचा कळक विंचवाचं विष म्हणून पाजला होता. त्याला रडू आलं, आणि जवळ कुणी नव्हतं.

गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. प्राध्यापकपदाची मुलाखत दोन महिन्यांवर होती, आणि तिथे सांगण्यासारखा तोच एक लेख होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने आठवडाभर मनाला समजावलं. मन ऐकेना. शेवटी त्याने नियतकालिकाला खरं ते लिहून पाठवलं. दुरुस्ती छापून आली. भांड्याला कल्हई कधी केली होती हे विचारल्याबद्दल तानाबाई थूल यांचे आभार, असं तिच्या शेवटी एक वाक्य होतं. पद दुसऱ्याला गेलं.

पदाचं त्याने फार मनावर घेतलं नाही. लागलं ते वेगळंच. दुरुस्तीपुढचा आकडा शून्यावरून हलेना, आणि जुना लेख चालतच राहिला. बासष्ट, चौसष्ट, सदुसष्ट. हवाला देणाऱ्या एकेकाला त्याने पत्र धाडलं. एकच उत्तर आलं, तेही आपोआप आलेलं, की साहेब रजेवर आहेत.

गेल्या रविवारी भाकर वाढता वाढता तानाबाईंनी विचारलं, "मंग त्या लोकायले कळलं का रे, भांड्याचं?"

त्याने ताटातली भाकर मोडली. जगापुढे चूक कबूल करून बसलेल्या त्या माणसाला आईपुढे खरं बोलवेना.

"कळलं, आई. सगळ्यायले कळलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाई तं लेकरं खोटंच शिकत बसले असते."

सोमवारी सकाळी चहाआधी त्याने संगणक उघडला. अडुसष्ट झाले होते.